सगळेच प्रशिक्षक

काटेकोरांना दुसऱ्याचा मान कळायचा, आणि तिथेच सगळं बोंबललं. मानापमानाची फिकीर नसलेल्या एखाद्या आडदांड माणसाला हे काम दिलं असतं, तर त्याने ते जेवणाच्या सुट्टीआधी उरकून टाकलं असतं आणि पुन्हा कोणाला त्याची आठवणही राहिली नसती. कंपनीने ते काटेकोरांना दिलं.

काटेकोर हे त्यांचं आडनाव नव्हे बरं का. ते कंपनीत पडलेलं नाव. नव्याने लागलेल्यांना मात्र ते आडनावच वाटायचं, आणि एकदा एका नवीन बाईंनी तशी पाटीच बनवून त्यांच्या दाराला लावली. काटेकोरांनी ती काढली नाही. वरवर ते कुरकुरले, पण येताजाता पाटीवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसताना लोकांनी त्यांना पाहिलं होतं.

कंपनी लिफ्ट दुरुस्तीची. काटेकोर तिथे प्रशिक्षण विभागाचे प्रमुख, आणि विभागात ते एकटेच असल्यामुळे त्यांच्या प्रमुखपदाला आजवर कोणी हरकत घेतली नव्हती. पूर्वीचं प्रशिक्षण सुटसुटीत होतं. एका खोलीत मेकॅनिक गोळा करायचे, पंखा लावायचा, पडद्यावर चित्रं दाखवत सुरक्षेचे नियम वाचायचे. मागच्या रांगेतली माणसं गाढ झोपायची, आणि संध्याकाळी जागे आणि झोपलेले अशा सगळ्यांना सारखंच प्रमाणपत्र मिळायचं. मग एका इमारतीत एका मेकॅनिकचा हात लिफ्टच्या चाकात सापडला आणि कोपरापासून गेला. चौकशी झाली. त्या माणसाने प्रशिक्षण घेतलं होतं, त्याच्याकडे प्रमाणपत्र होतं, आणि तो मागच्या रांगेत बसायचा, एवढं चौकशीत निष्पन्न झालं. वरून हुकूम सुटला की यापुढे धडे पोर्टलवर आणि परीक्षाही पोर्टलवर.

त्या बैठकीत काटेकोरांनी आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला. हल्लीच्या लिफ्टांचं सगळं यंत्रडोकं एका लोखंडी पेटीत असतं आणि त्या पेटीला कोडचं कुलूप असतं. मेकॅनिकच्या मोबाइलवर कोड आला की पेटी उघडते, नाही आला तर नाही. काटेकोर म्हणाले, ज्याच्याकडे पोर्टलचं प्रमाणपत्र नाही त्याला कोडच जाऊ नये. आणि चक्क बाक वाजले. स्वतःच्या बोलण्यावर बाक वाजतात हा अनुभव काटेकोरांना नवा होता. ते त्या दिवशी घरी चालत गेले.

जेवताना त्यांनी ही हकिकत तपशिलात सांगितली. बायको म्हणाली बरं झालं, आणि वाटीत आमटी वाढली. आई म्हणाली, "त्या हात गेलेल्याचं पुढे काय झालं रे?" ते काटेकोरांना ठाऊक नव्हतं. तो विषय त्यांच्या विभागाचा नव्हता.

तर पोर्टल आलं, आणि त्यात प्रत्येकाला भूमिका द्यायचं काम काटेकोरांच्या गळ्यात पडलं. भूमिका तीनच. शिकाऊ, म्हणजे धडे बघणारा आणि परीक्षा देणारा. प्रशिक्षक, म्हणजे धडे चढवणारा आणि पेपर काढणारा. आणि प्रशासक, म्हणजे कोणी शिकाऊ व्हायचं आणि कोणी प्रशिक्षक हे ठरवणारा. काटेकोर प्रशासक. त्यांनी सगळ्या मेकॅनिकना शिकाऊ केलं, स्वतःला एक कप चहा मागवला, आणि तो येण्याआधी दारात उस्ताद उभा राहिला.

उस्ताद हा मेकॅनिकांमधला सगळ्यात जुना माणूस. हात उत्तम, तोंड त्याहून उत्तम. त्याने मोबाइल टेबलावर ठेवला आणि त्यावरचा शब्द काटेकोरांना मोठ्याने वाचायला लावला. मग त्याने विचारलं की या शहरात लोक लिफ्टला घाबरून जिने चढत होते तेव्हापासून जो माणूस पेट्या उघडतोय, त्याच्या नावापुढे शिकाऊ लिहिताना काटेकोरांचा हात कसा धजला. आणि ते एक वेळ सोडा. त्याचा जावईही याच कंपनीत मेकॅनिक होता. उद्या जावयाने मोबाइल उघडला तर सासरा आणि तो एकाच पायरीवर, शिकाऊ. मुलीच्या सासरी तोंड काय दाखवायचं?

आता काटेकोरांनी सांगायला हवं होतं की बाबा रे, हा नुसता कॉम्प्युटरमधला शब्द आहे. पण पाटी पुसणाऱ्या माणसाला असं सांगणं जमत नाही. त्यांना उस्तादचं म्हणणं पटलं, नुसतं पटलं नाही तर लागलं. आपल्याला कोणी शिकाऊ म्हटलं असतं तर आपण राजीनामा दिला असता, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी उस्तादला प्रशिक्षक केलं आणि त्याच्यासाठीही चहा मागवला.

झालं. दुसऱ्या दिवशी उस्तादच्या खालोखालचा आला. तो उस्तादपेक्षा नोकरीत लहान असला तरी वयाने मोठा होता. त्यालाही प्रशिक्षक केलं. मग वयाने लहान पण शिक्षणाने मोठा असा एक आला. मग कोणाचा तरी साडू, मग कोणाच्या तरी हाताखाली कधीच काम न केलेला एक तऱ्हेवाईक, मग खुद्द उस्तादचा जावई, कारण बायको म्हणाली होती की बाबा प्रशिक्षक आणि तुम्ही शिकाऊ हे बरं दिसत नाही. शेवटी पहारेकऱ्याचं काम सोडून मेकॅनिक झालेला एक गरीब माणूस तेवढा शिकाऊ उरला. तो काही मागायला आला नाही, नुसता दाराबाहेर उभा राहिला. अख्ख्या कंपनीत एकट्याने शिकायचं म्हणजे त्यालाही कसंसंच वाटत होतं. काटेकोरांनी त्यालाही वर घेतलं.

पोर्टलच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की प्रशिक्षक परीक्षा देऊ शकत नाही, आणि परीक्षा न देणाऱ्याला प्रमाणपत्र मिळत नाही. काटेकोरांनी ते वाचलं होतं. ते सगळं वाचत. पण त्यांनी असा विचार केला की प्रशिक्षक तर प्रमाणपत्र देणारा माणूस, त्याला ते कशाला लागेल? तर्क बिनतोड होता. फक्त पोर्टलला तो ठाऊक नव्हता.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मोठ्या साहेबांचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच होता. मोठे साहेब म्हणजे कंपनीचे सर्वेसर्वा. त्यांना प्रशिक्षक करावं तर ते उस्तादच्या पंगतीला बसणार, म्हणून काटेकोरांनी त्यांना प्रशासक केलं. आता प्रशासक दोन झाले, मोठे साहेब आणि काटेकोर, पडद्यावर एकाखाली एक, एकाच रंगात. काटेकोर त्या दोन नावांकडे बराच वेळ बघत राहिले. साहेबांच्या शेजारी आपण खुर्ची टाकून बसलोय असं त्यांना वाटायला लागलं. हे उद्धट दिसत होतं. त्यांनी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि स्वतःला प्रशिक्षक करून टाकलं. पोर्टलने एकदा विचारलं, खात्री आहे का? काटेकोरांनी नम्रपणे हो म्हटलं.

मोठ्या साहेबांना याची कल्पना नव्हती. त्यांना पोर्टलकडून आलेली चिठ्ठी त्यांच्या ईमेलमध्ये पडून होती, आणि साहेब स्वतः कधी ईमेल बघत नसत.

ठरलेल्या तारखेपासून नियम लागू झाला. त्यानंतरच्याच एका सकाळी काटेकोरांच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली.

काटेकोर राहायचे पाचव्या मजल्यावर, आणि आईला डायलिसिसला न्यायचं होतं. तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. ठरावीक दिवसांनी तिला इस्पितळात यंत्रावर घालून रक्त साफ करून घ्यावं लागे. एखादी खेप हुकली तर ओढून काढेल, लागोपाठ हुकल्या तर मी काही सांगू शकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते सांगताना ते दुसऱ्याच कुणाचा तरी कागद बघत होते. आईचे पाय सुजलेले, छाती भरलेली. दोन पायऱ्या चढली की भिंतीला टेकायची. तिचं जाणंयेणं सगळं त्या लिफ्टवर.

लिफ्ट काटेकोरांच्याच कंपनीकडे होती. इमारतीतल्या लोकांना ते चांगलंच ठाऊक होतं, कारण काटेकोरांनीच ती त्यांच्या कंपनीकडे द्यायला लावली होती. त्यामुळे जिन्यात जो भेटेल तो त्यांच्याकडे बघायचा, लिफ्टकडे नाही. सोसायटीचे सेक्रेटरी हातात पिशवी घेऊन वर येता येता प्रत्येक मजल्यावर थांबून मोठ्याने श्वास घेत होते, काटेकोरांच्या मजल्यावर जरा जास्तच. तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी सांगितलं की यात नुकसानभरपाई मागता येईल, फक्त कोणाविरुद्ध ते ठरवावं लागेल. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी सुचवलं की मुख्य बटण बंद करून पुन्हा चालू करा. ते करून झालं होतं.

उस्ताद मात्र लगेच आला. येताना जावयालाही घेऊन आला. कंपनीच्या माणसाच्या घरचं काम म्हटल्यावर तो हातातलं सोडून आला होता. त्याने काटेकोरांच्या दारासमोरच, लिफ्टच्या बाजूला असलेल्या पेटीला कान लावला आणि एका वायरचा बिघाड आहे, हात घातला की झालंच, असं जाहीर केलं. मग त्याने कोड मागवला. कोड आला नाही. पुन्हा मागवला. मोबाइलवर अक्षरं आली की आपण प्रमाणपत्रधारक नाही. जावयाने मागवला. त्यालाही तेच. उस्तादने काटेकोरांकडे पाहिलं आणि विचारलं, साहेब, प्रशिक्षकाला कोड येत नाही?

आता त्यांना माहितीपत्रकातली ती ओळ तिच्या जागेसकट आठवली, पान उजवीकडचं, खालून तिसरी ओळ. त्यांनी ऑफिसला फोन लावला. तिथे फोन उचलायला कोणी रिकामं नव्हतं, कारण शहरभर ज्या लिफ्टा त्या सकाळी बंद पडल्या होत्या, त्या सगळ्यांपुढे एकेक प्रशिक्षक उभा होता. पोर्टलच्या मदत केंद्रातल्या बाई गोड बोलल्या. भूमिका फक्त प्रशासक बदलू शकतो. आपण प्रशासक आहात का? काटेकोर म्हणाले, होतो. बाई म्हणाल्या, मग प्रशासकांना फोन करायला सांगा. मोठ्या साहेबांचा फोन बंद होता.

आई तोवर तयार होऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. बाहेर जायचे कपडे, मांडीवर पिशवी, पिशवीत चादर, पाण्याची बाटली आणि डॉक्टरांची फाइल. काटेकोर दारात डोकावून म्हणाले, "आई, अर्ध्या तासात होतंय." ती मान हलवून बरं म्हणाली. हा अर्धा तास काटेकोरांनी त्या दिवशी कितीदा सांगितला, ते बायकोला विचारा. तिला पाठ आहे. दुपारी आईने बसल्याबसल्याच दोन घास खाल्ले. कपडे काही बदलले नाहीत.

दुपार कलली तसा उस्ताद जिन्यावरून उठला. तो पेटीजवळ गेला, कुलपावर बोटाने टकटक केलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, लोखंडी पट्टी घालून फोडतो. पाच मिनिटांत आई खाली. तुम्ही फक्त हो म्हणा, बाकीचं मी बघतो."

काटेकोरांनी तोंड उघडलं. त्यांना हो म्हणायचं होतं, असं ते अजूनही सांगतात. पण त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे ती बैठक आली, वाजणारे बाक आले, आणि प्रशिक्षण प्रमुखाच्या घरासमोर फोडलेल्या पेटीचा फोटो कंपनीभर फिरताना दिसला. ज्याने नियम केला त्यानेच फोडला, असं लोक म्हणणार. "नको," ते म्हणाले. "परवानगी येतेय. आज नाही तर उद्या सकाळी नक्की. एक दिवसाने काही होत नाही."

उस्ताद बरं म्हणून पुन्हा पायरीवर बसला. संध्याकाळी बायकोने इस्पितळाला फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची वेळ दिली आणि ही मात्र चुकवू नका, असं बजावलं. मग तिने आईच्या मांडीवरची पिशवी उचलून आत नेली. काटेकोरांशी ती त्या दिवशी कामापुरतंही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काटेकोर मोठ्या साहेबांच्या घरी गेले. साहेबांच्या डोळ्याचा पडदा सरकला होता. ऑपरेशन झालं होतं, आणि डॉक्टरांनी त्यांना पालथं पडून राहायला सांगितलं होतं. साहेब पलंगावर पालथे होते, दोन उशांच्या मध्ये तोंड, आणि ते जमिनीशी बोलत होते. काटेकोरांना कळेना की बोलायचं कोणाकडे बघून. शेवटी ते साहेबांच्या पाठीला उद्देशून बोलले. पोर्टलमध्ये आपण प्रशासक आहात, असं त्यांनी सांगितलं. साहेब जमिनीला म्हणाले, कधीपासून?

पासवर्ड अर्थातच साहेबांना ठाऊक नव्हता. नवा मागवला तर ओटीपी साहेबांच्या मोबाइलवर येणार होता, आणि मोबाइल होता साहेबांच्या मिसेसकडे. ओटीपी आला. त्या तो बघून म्हणाल्या, कोणालाही सांगू नका असं यातच लिहिलंय. काटेकोर म्हणाले, मला सांगितला तर चालेल. त्या म्हणाल्या, लबाडी करणारे नेमकं हेच म्हणतात. साहेब खालून म्हणाले, अगं सांग त्यांना. त्या म्हणाल्या, नवऱ्यालासुद्धा सांगायचा नाही. ओटीपी जपण्याचा एक धडा कंपनीने पोर्टलच्या आधीच सगळ्यांना मोबाइलवर पाठवला होता, तो साहेबांच्या नावाने त्यांनीच पूर्ण केला होता, आणि त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. तो धडा काटेकोरांनीच लिहिलेला. आपलं प्रशिक्षण निदान एका माणसापर्यंत पोचलं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. एवढ्या वादात ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला, त्याचीही संपली.

मग काटेकोर मटकन खुर्चीत बसले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं की माझी आई पाचव्या मजल्यावर अडकलीय, तिला आज यंत्रावर नेलं नाही तर काय होईल सांगता येत नाही. घरचं गाऱ्हाणं साहेबांच्या घरी सांगायचं नसतं म्हणून ते इतका वेळ प्रणालीतील अडचण एवढंच म्हणत होते. साहेबांची पाठ हलायची थांबली.

"अहो, मग आल्या आल्या का नाही सांगितलंत?" मिसेस म्हणाल्या, आणि मोबाइल काटेकोरांच्या हातात दिला.

तिथेच बसून त्यांनी सगळ्या मेकॅनिकना शिकाऊ केलं. कोणाचा मान राखला नाही, वयाने मोठा नाही की कोणाचा साडू नाही. घरी पोचेपर्यंत दुपार झाली होती. आई आता खुर्चीत नव्हती, पलंगावर तीन उशांना टेकून बसली होती, कारण आडवं झालं की तिला श्वास पुरत नव्हता. ओठांवर निळसर छटा आली होती. कपडे कालचेच, बाहेर जायचे. काटेकोर दारातूनच म्हणाले, झालंच आई. तिने हात जरा उचलला.

बाहेर उस्तादने पायरीवर बसून परीक्षा उघडली. चष्मा नाकावर, मोबाइल हातभर लांब. अख्खा जिना त्याच्या मागे उभा होता, सेक्रेटरी, वकील, मुख्याध्यापिका. पहिला प्रश्न, प्रवासी लिफ्टमध्ये अडकल्यास सर्वप्रथम काय करावे? उस्तादने उत्तर दिलं, प्रवाशाशी बोलून त्याला धीर द्यावा. पोर्टलचं म्हणणं होतं, नियंत्रण कक्षाला कळवावे. प्रश्न काटेकोरांनीच काढलेला असल्यामुळे सगळी उत्तरं त्यांना तोंडपाठ होती. ते वाकून त्याच्या कानाशी पुटपुटायला लागले. उस्तादने हात वर करून त्यांना गप्प केलं. जावयासमोर आपण कॉपी करून पास होणार नाही, असं तो म्हणाला. वकिलांना ते बाणेदार वाटलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, विचार करून लिहा, घाई करू नका.

उस्ताद नापास झाला. पोर्टलने त्याला कळवलं की पुन्हा परीक्षा देण्यापूर्वी सर्व धडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहणे आवश्यक आहे, आणि धडे पुढे सरकवता येत नाहीत. सगळे धडे बघून व्हायला दुसरा दिवस उजाडला असता. जावयाने आपली परीक्षा उघडून बघितली, तर पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं. शहरातल्या सगळ्या बंद लिफ्टांपुढे एकेक माणूस त्याच वेळी परीक्षा देत होता, आणि पोर्टलने मान टाकली होती.

आतून बायको बाहेर आली. ती काही ओरडली नाही. आईंचा श्वास बघा, एवढंच म्हणाली.

काटेकोरांनी उस्तादचा दंड धरला. "फोडा," ते म्हणाले. "मी हो म्हणतो. लेखी देतो. फोडा तुम्ही."

उस्तादने पेटीकडे पाहिलं आणि मग हातातल्या मोबाइलकडे. त्याचा चेहरा पार उतरला होता. "काल प्रशिक्षक होतो साहेब," तो म्हणाला. "आज नापास शिकाऊ. नापास माणसाने पेटी फोडली आणि उद्या त्या लिफ्टमध्ये कोणाला काही झालं, तर मी थेट तुरुंगात. मला आता हो म्हणू नका."

मग आईला खुर्चीत बसवून खाली न्यायचं ठरलं. हे काल सकाळीच ठरायला हवं होतं, असं आता प्रत्येक जण म्हणत होता, आणि ते प्रत्येकाला काल सकाळीच सुचलं होतं म्हणे. खुर्चीचे चार पाय चौघांनी धरले. उस्ताद, त्याचा जावई, वकील, आणि काटेकोरांची बायको. बायकोच्या जागी मी धरतो, असं काटेकोर म्हणाले, पण तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सेक्रेटरी पुढे उलटे उतरत डावीकडे, उजवीकडे, सांभाळून, असं सांगत होते. जिना अरुंद. प्रत्येक वळणावर खुर्ची उभी करावी लागे आणि आईची मान मागे कलंडे. काटेकोर सगळ्यांच्या मागून उतरत होते. त्यांच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात आईच्या चपला. दुसऱ्या मजल्यावर आईने खूण केली. खुर्ची टेकवली. ती डोळे मिटून बराच वेळ नुसता श्वास घेत राहिली, आणि त्या वेळात मुख्याध्यापिकांनी वरून हाक मारून सांगितलं की डोकं वरच्या बाजूला ठेवा. काटेकोरांनी पिशवी आणि चपला पायरीवर ठेवून रुमालाने आईचं तोंड पुसलं.

इस्पितळात त्यांनी तिला आधी प्राणवायू लावला आणि मग यंत्रावर घेतलं. ती वाचली. डॉक्टर म्हणाले, हृदयावर ताण आलाय, आता पूर्वीसारखं धरून चालू नका, आणि जिना तर विसरूनच जा. त्यामुळे तिला ताईकडे नेलं. ताई म्हणजे काटेकोरांची मोठी बहीण. तिचं घर तळमजल्यावर, दार उघडलं की सरळ रस्ता. चार दिवसांसाठी, असं काटेकोर म्हणाले. ताई बरं म्हणाली. तिने त्यांना आणखी काही विचारलं नाही, आणि न विचारणं हे ताईच्या स्वभावात अजिबात नव्हतं.

पुढचे दिवस काटेकोरांनी पोर्टलवरच घालवले. उस्तादने सगळे धडे बघितले, स्वतःच्या हट्टाने दोनदा बघितले, आणि तो पास झाला. मोठ्या साहेबांनी उताणं झाल्यावर एक पत्रक काढून काटेकोरांच्या तत्परतेचं कौतुक केलं, कारण साहेबांपर्यंत हकिकत पोचली ती अर्धीच. पत्रक सूचना फलकावर लागलं. काटेकोरांनी ते वाचलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. जिन्यात भेटले की सेक्रेटरी आता विचारायचे, आई कशा आहेत, आणि उत्तर ऐकायला थांबायचे. काटेकोरांना त्यांचं मोठ्याने श्वास घेणं परवडलं असतं.

लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी ते स्वतः वरखाली फिरून आले, दारं नीट लागतात का बघितलं, आणि तसेच आईला आणायला गेले.

आई दाराजवळ खुर्चीत बसून रस्ता बघत होती. वाळली होती, पण चेहऱ्यावरची सूज उतरली होती. काटेकोर तिच्यासमोर मोड्यावर बसले आणि बोलत सुटले. लिफ्ट दुरुस्त झाली. नुसती दुरुस्त नाही, पुन्हा असं होणारच नाही. आता प्रशासक दोन असतात. मेकॅनिक सगळे शिकाऊ, अगदी उस्तादसुद्धा. अडचणीच्या वेळी उघडण्यासाठी वेगळा कोड ठेवलाय आणि तो मिळायला कोणाची परवानगी लागत नाही. तुझी खोली धुऊनपुसून ठेवलीय. आई सगळं नीट ऐकत होती. तिने मध्येच त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

मग ती म्हणाली, "मी इथेच राहीन रे."

काटेकोर म्हणाले, असं कसं, लिफ्ट चालू झालीय ना. पुन्हा बंद पडली तरी आता काही अडणार नाही. डॉक्टर काय म्हणाले, बायको काय म्हणते, हेही त्यांनी सांगितलं.

"त्या दिवशी मी दाराशीच बसले होते," आई म्हणाली. "तो माणूस म्हणाला ना, तुम्ही फक्त हो म्हणा. मला ऐकू आलं. मी पिशवी उचलून घेतली. मला वाटलं, तू म्हणशील."

तिच्या आवाजात राग नव्हता. काटेकोरांनी सुरुवात केली, "आई, तो नियम असा होता की..." त्यांचे डोळे भरून आले. आईने हात पुढे करून त्यांच्या डोक्यावर ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मग काढून घेतला.

ताईने चहा आणला. कप बशीसकट, काचेच्या कपाटातले, बाहेरची माणसं आली की काढायचे ते. काटेकोरांनी तो दोन्ही हातांनी घेतला, आणि पुढच्या वेळी कधी आलं तर चालेल, असं तिला विचारलं.